वीस सेंटिमीटर कमी

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे, लांब उडी मोजणारी. पिवळ्या रंगाची, गोल डबीत गुंडाळलेली, बाजूला फिरवायला छोटा दांडा. लांबी तीस मीटर. म्हणजे माझी स्वतःची थोडी कमीच, पण ते पुढे कळेलच. आपल्या तोंडानं आपलं उणं किती सांगायचं?

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या टोकाला पितळी कडी होती आणि शून्याचा ठसठशीत आकडा. तिथून या माध्यमिक शाळेच्या खेळाच्या खोलीत आले. शेजार काय, तर लोखंडी गोळे, हवा गेलेले फुटबॉल आणि घामट वासाच्या गाद्या. खोलीची किल्ली खेळाच्या सरांकडे. माणूस मनानं चांगला, पण त्यांचा तास म्हणजे आओ-जाओ घर तुम्हारा. गणिताच्या बाईंचा धडा राहिला, घ्या खेळाचा तास. तोंडी परीक्षा उरली, घ्या खेळाचा तास. सर नुसते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसायचे.

एका वर्षी रस्सीखेच रंगात आली आणि दोरखंड तुटला. पोरं कसली थांबतायत! त्यांनी मलाच ओढायला घेतलं. इकडे दहा, तिकडे दहा. माझी कडी आणि पहिले वीस सेंटिमीटर एका बाजूच्या हातात राहिले आणि ती बाजू जिंकलो म्हणून नाचली. माझं काय झालं ते कुणी विचारलंही नाही.

सरांनी नव्या टेपसाठी अर्ज केला. अर्ज गेला तो गेलाच. मग त्यांनी तोड काढली. वीसच्या आकड्यापासून धरायचं आणि येईल त्यातून वीस वजा करायचे. मोजणारा आकडा सांगायचा, वहीवाला तो लिहायचा आणि संध्याकाळी सर लाल पेननं वजाबाकी करायचे. सहा वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला.

आठवीत एक मुलगी होती. वर्ग तिला गोगलगाय म्हणायचा, कारण शर्यतीत ती कायम शेवटून पहिली. एकदा सरांनी तिला लांब उडी मारायला लावली. पळताना रडवेली होणारी ती पोर वाळूतून उठली तेव्हा हसत होती. दोन मीटर नव्वद. त्या दिवसापासून ती शाळा भरायच्या आधी यायची, फावड्यानं वाळू सारखी करायची आणि उड्या मारत राहायची. मला तिचा लळा लागला, हे कबूल करते.

नववीत एक विषय निवडायचा होता: संगणक, चित्रकला नाहीतर शारीरिक शिक्षण. शारीरिक शिक्षण हवं तर मुलींना साडेतीन मीटरची उडी मारून दाखवायची. गोगलगायीची आई शिवणकाम करायची. स्वतःचं छोटं दुकान, दिवसभर मशीन आणि कात्री. तिचं म्हणणं एकच, "उड्या मारून कुणाचं पोट भरलंय?" पोरीनं फार गळ घातली तेव्हा ती म्हणाली, साडेतीन झाले तर सही करते, नाहीतर मुकाट्यानं संगणक घ्यायचा.

चाचणीच्या दिवशी वही मॉनिटरकडे होती. गणितात पैकीच्या पैकी घेणारी हुशार मुलगी. सरांचा नियम असा की आकडा मोठ्यानं सांगायचा नाही, नाहीतर पोरं वाळूतच भांडतात. तो मॉनिटरच्या कानात सांगायचा. गोगलगाय धावली, फळीवर पाय बरोबर पडला आणि ती उडाली. माझ्यावर आकडा आला तीन बहात्तर.

मॉनिटरला वाटलं, सरांचं काम हलकं करावं. तिनं जागच्या जागी वीस वजा करून लिहिलं, तीन बावन्न. सगळ्यांचंच तसं केलं आणि सांगायला विसरली. संध्याकाळी सरांनी सवयीनं लाल पेन काढलं. तीन बावन्नचे तीन बत्तीस झाले.

"यंदा सगळ्यांचेच पाय जड झालेत," सर स्वतःशीच म्हणाले. मी शेजारीच गुंडाळलेली होते. जीव नुसता तुटत होता, पण करणार काय?

यादी लागली. गोगलगाय खोलीत आली.

"सर, परत एकदा मारू?"

"सगळ्यांना एकच दिवस असतो गं. तुला वेगळा कसा देऊ?"

तिनं मान हलवली, बूट काढून पिशवीत टाकले आणि चपला घालून निघून गेली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी आई संगणकाच्या फॉर्मवर सही करायला आली. पोर बाजूला खाली मान घालून उभी. सर कपाटात फॉर्म शोधत होते. आईनं टेबलावरून मला उचललं आणि शिंप्याच्या सवयीनं टोक चाचपलं.

"सर, हिचं तोंड कुठं गेलं?"

"तुटलंय ताई. आम्ही वीस वजा करतो."

"कोण करतं?"

"मीच की," म्हणत सरांनी वही आणि फॉर्म दोन्ही तिच्यापुढे ठेवले.

निळ्या शाईत तीन बावन्न, लाल शाईत तीन बत्तीस. वाचता वाचता तिचा अंगठा माझ्यावर थांबला. तिला शंका आली होती, मला ते समजलं. फॉर्म समोर, पेन हातात. गप्प बसली असती तर सगळं तिच्या मनासारखं होणार होतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. खोटं कशाला बोलू, मी तिची आशा सोडली होती.

"निळा आकडा कुणी लिहिला? तिला बोलवा जरा," ती म्हणाली.

मॉनिटर आली. "मी वजा करूनच लिहिलं होतं सर," म्हणाली आणि तिचा चेहराच उतरला. सर वहीतले लाल आकडे पुन्हा वाचू लागले.

"होतं असं," आई म्हणाली. "माझ्या मदतनीस बाईनं आणि मी, दोघींनीही शिवणीला कापड सोडलं होतं. गिऱ्हाईकाचा कोट ढगळ झाला आणि शेवटी त्याच्या थोरल्या भावाला गेला."

गोगलगायीनं मान वर केली. "पण तुला तर संगणकच हवा होता."

"अजूनही हवाय. म्हणून काय तू मारलेली उडी मी कापून घेऊ?"

तिनं दुसरा फॉर्म मागितला आणि सही केली.

सरांनी सगळी यादी दुरुस्त केली आणि वर्गापुढे उभं राहून चूक कबूल केली. पुढच्या आठवड्यात गणिताच्या बाई तास मागायला आल्या, तेव्हा सर म्हणाले, "बाई, माझाही अभ्यास राहिलाय." सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा नकार ऐकला.

आई मला दुकानात घेऊन गेली. तिच्या जुन्या टेपचा शून्यापासून वीस सेंटिमीटरचा तुकडा तिनं माझ्या टोकाला दुहेरी टाक्यानं शिवला. पिवळ्या अंगाला पांढरं तोंड! पोरं हसतात. हसू देत, मला शून्य परत मिळालंय.

आता माझे आकडे पुसट होत चाललेत. उद्या नवी टेप आली तर मला अडगळीत टाका, माझी तक्रार नाही. फक्त खेळाच्या तासाला मैदानावर जा, आणि शेवटून पहिल्या आलेल्या पोरालाही एकदा नीट मोजा.

परवा सकाळी गोगलगायीची आई दुकानाच्या वाटेवर मैदानाशी थांबली. सरांनी वाळूतल्या खुणेवर माझं शून्य धरलं आणि दुसरीकडचा आकडा वाचायला आई फळीपाशी वाकली. बराच वेळ ती वाकूनच होती.

"तीन एक्क्याऐंशी," ती म्हणाली. मग पर्स खाली ठेवली आणि पोरीला म्हणाली, "परत मार. आज दुकान उशिरा उघडते."