वामनरावांचा लाडका

कुलदीपचा आवाज हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. अमरावतीच्या बाजारात तूर, सोयाबीन, हरभऱ्याचा हर्रास सुरू झाला की ढिगाजवळ उभं राहून बोली पुकारायचं काम त्याचं. शेडच्या या टोकाला त्यानं भाव पुकारला की त्या टोकाला चहा पिणारा व्यापारी दचकून वाढवून द्यायचा. अडत्याला त्याचा अभिमान होता. अडचण एवढीच, की हा आवाज संध्याकाळी शेडमध्ये टांगून यायची सोय नव्हती. तो कुलदीपच्या मागे मोटरसायकलवर बसून घरी यायचा, जेवायचा आणि मग पोरीचा अभ्यास घ्यायचा.

मार्चमध्ये एका संध्याकाळी सात वर्षांची खुशी सातच्या पाढ्यात अडकली. कुलदीपनं हर्रास केला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा खुशी दिवाणाखाली गेली ती बाहेर आली नाही. जेवायला नाही, झोपायला नाही. शेवटी सकाळी तिचा मामा अकोल्याहून आला आणि दिवाणाखाली सरपटत शिरला. त्यात त्याची नवी पॅन्ट फाटली, पण खुशी त्याच्याबरोबर बाहेर आली आणि तशीच अकोल्याला गेली. बायको, रागिणी, पण गेली.

"मी रागानं नाही आलो इकडे," रागिणी फोनवर म्हणाली. "पोरगी झोपीत दचकून उठते. डॉक्टरले दाखवलं. तो म्हनते, पोरगी चांगली हाये, बाप दाखवा."

रागिणीची अट साधी होती. अमरावतीत दर रविवारी बापांचा एक वर्ग भरतो. तो पूर्ण करायचा. शेवटची बैठक अकोल्याला, बायका-पोरांसह. तिथे खुशीला विचारायचं. ती हो म्हणाली तर शाळा सुरू व्हायच्या आत अमरावतीला परत. नाही म्हणाली तर तिचं नाव अकोल्याच्या शाळेत.

वर्गाचं नाव 'बापपण : एक हळुवार प्रवास' असं होतं. संस्था पुण्याची, हॉल अमरावतीचा, खुर्च्या लग्नाच्या. शिकवायला गौरांग सर. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. बाप म्हणून त्यांच्या गाठीशी एका मांजराचा अनुभव होता, आणि तेही बहिणीकडे असायचं.

गौरांग सरांनी पहिल्याच रविवारी 'राग' या शब्दावर बंदी घातली.

"राग हे नुसतं झाकण असतं," ते म्हणाले. "कुलदीपजी, झाकण उघडा. खाली काय दिसतंय?"

कुलदीपनं प्रामाणिकपणे आत पाहिलं. "अजून राग," तो म्हणाला.

मग उश्या आल्या. प्रत्येक बापानं आपली उशी आपलं लेकरू समजून कुशीत घ्यायची होती. अचलपूरच्या बुधाजीनं आपलं लेकरू मानेखाली घेतलं आणि घोरायला लागला. सर म्हणाले, त्याला जागं करू नका, हा विश्वास आहे.

कुलदीपनं मात्र सगळं केलं. उशीची माफी मागितली. तिच्या डोळ्यांत पाहा म्हटल्यावर, तिला डोळे नसताना, पाहिलं. हळू बोलायचा सराव म्हणून एक दिवस बाजारात त्यानं तुरीचा भाव कुजबुजत पुकारला. व्यापाऱ्यांना वाटलं याचा घसा गेला. तिघांनी ज्येष्ठमध आणून दिलं आणि अडत्यानं घरी पाठवलं. आतून तो रोज उकळत होता. पण शेवटी गौरांग सरच रागिणीशी बोलणार होते, आणि तेवढ्यासाठी तो उशीला 'बेटा' म्हणायला तयार होता.

तिसऱ्या रविवारी त्याचे वडील, वामनराव, तिवश्याहून चष्म्याचा नंबर काढायला आले. दुकान उघडायला वेळ होता. हॉलमध्ये पंखा होता आणि चहा येणार होता. वामनराव वर्तुळातल्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

"दोन पिढ्या! एका वर्तुळात!" गौरांग सरांना उभ्या उभ्या भरून आलं. "बाबा, तुम्ही कधी कुणाला अगदी जीव लावलाय का?"

वामनरावांनी चहाच्या किटलीकडे पाहिलं. ती अजून दाराशीच होती.

"लावला ना," ते म्हणाले. "माह्या राजाले लावला. एकडाव लय आजारी पडला तो. पोट फुगलं होतं. मी रातभर हाललो नाही त्याच्यापासून. पोटाले तेल चोयलं. मानेवरून हात फिरवला. पहाटं डोस्कं मांडीवर घेतलं, तवा त्यानं डोये उघडले अन् माहा हात चाटला."

"हात चाटला," सर पुटपुटले. त्यांचा चष्मा ओला झाला.

वर्तुळात बाकीचे बाप वऱ्हाडातलेच होते. 'पोट फुगलं' ऐकताच सगळ्यांना समजलं होतं. सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

राजा हा बैल होता. कुलदीपच्या जन्माआधी दोन वर्षं तो घरी आला होता आणि हुद्द्यानं शेवटपर्यंत त्याच्यापेक्षा मोठाच राहिला. त्याला पोळ्याला नवी झूल यायची. कुलदीपला त्याच झुलीतून उरलेल्या कापडाची पिशवी.

गौरांग सर कुलदीपसमोर गुडघ्यांवर बसले. "राजा," ते म्हणाले, "ऐकलंस ना, बाबा काय म्हणाले?"

कुलदीपनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ रक्त चढलं. तोंड उघडलं असतं तर हर्राससुद्धा फिका पडला असता. सरांनी ते ऐकलं असतं, रागिणीला सांगितलं असतं, आणि मग संपलं. त्यानं तोंड मिटलं. इतकं मिटलं की दाढ दुखली.

"ऐकलं," तो म्हणाला.

परतताना मोटरसायकलवर तो फुटला. "बाबा, तो बैल होता!"

"मंग?" मागून वामनराव म्हणाले. "सरानं इचारलं जीव लावला काय. लावला. मी कुठी खोटं बोललो?"

"मले टायफॉइड झाला होता तवा कुठी होते तुमी?"

"तुले तुई माय होती ना पाह्याले. राजाले कोन होतं?"

या तर्काला फट नव्हती. कुलदीपनं हॉर्न दाबला आणि चष्म्याचं दुकान येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर वामनराव दर रविवारी यायला लागले. पंचाहत्तरी ओलांडली असल्यानं एसटी फुकट होती, चहा फुकट होता, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचं बोलणं मान हलवून ऐकत होतं. सरांनी त्यांना 'ज्येष्ठ प्रेरक बाप' नेमलं. वामनराव सांगायचे, राजाले मी हातानं सरकी चारायचो. राजा माह्या पावलांचा आवाज ओळखे. वर्गात कुलदीपचं नाव राजाच पडलं. बुधाजी तर बाहेर भेटला की डोळा मारून विचारायचा, "काय राजाभाऊ, चारा-पानी झाला काय?"

कुलदीप हसत नव्हता. त्याला लहानपणची प्रत्येक गोष्ट आठवायला लागली होती आणि प्रत्येक गोष्टीत एक बैल उभा होता.

अकोल्याची बैठक एका शाळेच्या हॉलमध्ये होती. रागिणी आली. तिच्या मागे, तिची ओढणी मुठीत धरून, खुशी आली. कुलदीपला वाटलं ही उंच झाली. तो हसला. खुशीनं हसण्याची पावती दिली नाही, पण ओढणी थोडी सैल सोडली.

एवढ्यात गौरांग सरांनी माईक घेतला आणि वामनरावांना पुढे बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. "आज आपल्यात असे एक बाबा आहेत," सर म्हणाले, "ज्यांनी आपल्या राजाला रात्रभर मांडीवर घेतलं." बुधाजी खोकला. सर खाली आले, खुशीसमोर वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, "खुशी, तुझ्या पप्पांना लहानपणी इतकं प्रेम मिळालंय. म्हणून ते तुला ओरडतात ना, तेव्हासुद्धा त्यांच्या मनात फक्त प्रेमच असतं. कळलं?"

खुशीनं मान हलवली. मोठ्यांनी विचारलं की हलवायची तशी.

कुलदीपला ती हललेली मान सहन झाली नाही.

"तो बैल होता!"

माईकची गरज नव्हती. खिडकीवरची कबुतरं गेली. शेजारच्या वर्गात कसलीशी परीक्षा चालली होती, तिथला पर्यवेक्षक दारात येऊन उभा राहिला. "बैल होता तो राजा! शिंगवाला! शेपटीवाला! मी नोतो, बैल होता!"

आणि मग त्याला खुशी दिसली. तिचे दोन्ही हात कानांवर होते. डोळे मिटलेले. तिच्या जवळ कुठे दिवाण नव्हता, म्हणून ती उभ्या जागीच दिवाणाखाली गेली होती.

संपलं, असं कुलदीपला वाटलं. राग मात्र संपला नव्हता. तो घशाशी येऊन उभाच होता. कुलदीप खाली फरशीवर बसला, खुशीपासून चांगला लांब, आणि त्यानं तोच राग, एक दाणाही कमी न करता, हळू आवाजात काढायला सुरुवात केली. मानेची शीर टरारली होती.

"सर खोटं सांगून राह्यले," तो म्हणाला. "मी बोंबललो तवा माह्या मनात प्रेम-ब्रेम काही नोतं. राग होता. तुले पाढा नाही आला अन् मले राग आला. तुयी काही चूक नोती. बाप बोंबलला त्याले प्रेम नाही म्हनाचं. कोनी सांगतलं तरी नाही."

गौरांग सरांनी 'राग' शब्दावर बोट वर केलं. रागिणीनं त्यांच्याकडे पाहिलं. बोट खाली गेलं.

कुलदीप वडिलांकडे वळला. आवाज आणखी खाली. "अन् बाबा, तुमी मले चऱ्हाटानं हानत होते. थे कावून नाही सांगतलं सराले?"

शालीतले वामनराव म्हणाले, "त्यायनं इचारलंच नाही."

"बैलाले कधी हानलं?"

वामनरावांनी खरोखर आठवून पाहिलं. "नाही बा," ते म्हणाले. "त्यानं कधी चूकच नाही केली."

कुलदीपला बोलायला जे आलं ते इतकं मोठं होतं की हळू आवाजात मावेना, म्हणून तो नुसता श्वास घेत बसला. सगळे पुढे वाकून ऐकत होते. आता काय बोलतो म्हणून पर्यवेक्षकसुद्धा दोन पावलं आत आला होता.

ऐकू येईना म्हणून खुशीनं एक डोळा उघडला. मग एका कानावरचा हात काढला.

"काय म्हनाले?" तिनं आईला विचारलं.

"त्याहिलेच इचार," रागिणी म्हणाली.

खुशीनं लांबूनच विचारलं, "पप्पा, चऱ्हाट म्हंजे?"

"दोर. बैल बांधाचा."

"बैलाच्या दोरानं तुमाले?"

"हाव."

खुशी वामनरावांकडे वळली. "आबाजी, सॉरी म्हना ना," ती म्हणाली.

वामनरावांनी शाल सारखी केली. नारळ या हातातून त्या हातात घेतला. ओठ हलल्यासारखे वाटले, पण निघालं ते एवढंच, की तिवश्याची गाडी निघून जाईन. आणि ते गेले. सरांनी दारापर्यंत जाऊन "बाबा, बाबा" केलं, पण प्रेरक बाप जिना उतरला होता.

"खुशी," रागिणीनं विचारलं, "जाचं काय अमरावतीले? तू म्हनशीन तसं."

"नाही," खुशी म्हणाली. विचार करायला तिला वेळ लागला नाही.

कुलदीपला राग आला. वडिलांचा, सरांचा, उशीचा, रागिणीच्या अटीचा, आणि या सगळ्याच्या बुडाशी अजून एकाचा, जो फरशीवर बसला होता. खुशीचा एक हात अजून कानाजवळच होता. ती त्याचा चेहरा बघत होती, हात वर न्यायचा की नाही हे ठरवत.

"बरं," तो म्हणाला.

"मंग मी उद्या इथल्या शाळेत नाव टाकतो तिचं," रागिणी म्हणाली. कुलदीपनं मान हलवली. मग ती म्हणाली, "रविवारी या अकोल्याले. वर्गाले नाही. घरी."

"बाबाले नाही आनत," कुलदीप म्हणाला.

"बैलाचा फोटो असन तर आना," खुशी म्हणाली. "मले पाहाचा हाये."

फोटो होता. तिवश्याच्या घरात तोच एक फ्रेम केलेला होता. कुलदीपला पुन्हा राग आला, आणि तो हळूच म्हणाला, "आनतो."