बिनकडीची वॉकीटॉकी

मी वॉकीटॉकी बोलतेय. जोडीतली एक. अगदी माझ्यासारखीच माझी एक बहीण आहे आणि ती नसेल तर माझा काहीच उपयोग नाही. रेडिओचं बरं असतं, तो एकटाच गाणी ऐकवत बसतो. मला पलीकडे कुणीतरी लागतं.

आमचा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. देशाचं नाव डब्यावर होतं, पण डबा मुंबईतच फाटला. तिथून आम्ही सांगलीला फारूकभाईंच्या दुकानात आलो. रेडिओ, टेप, पंखे, जे बिघडेल ते ते दुरुस्त करत. काचेच्या कपाटात आम्हाला खालची फळी मिळाली. वरच्या फळीवर एक दांडगी जोडी होती, विटेएवढी जाड आणि हातभर एरियलची. आवाज असा की समोरचा चहावाला वळून बघायचा. गिऱ्हाईक आलं की त्याचा हात वरच जायचा. आमच्यावर आठ महिने धूळ साचली.

सत्त्याण्णव साली दिवाळीच्या आधी तिघं जण दुकानात आले. एक होती फारूकभाईंची पुतणी झोया. दुसरी तिची कॉलेजातली मैत्रीण श्रद्धा, मूळची साताऱ्याची. तिसरे श्रद्धाचे चुलते गंगाधर आबा, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. ते खास साताऱ्याहून एसटीने आले होते, कारण खरेदी पोरींवर सोडणं त्यांना पटत नव्हतं.

खेळ असा होता. दर दिवाळीत साताऱ्याच्या वरच्या माळावर आबा पोरांची लुटुपुटूची लढाई लावत. प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या बंदुका, डोळ्यांना लेथच्या कारखान्यातले पारदर्शक चष्मे, दोन गट, दोन झेंडे. छर्रा लागला की ज्याचं त्यानं ‘लागली’ म्हणून खाली बसायचं. कुणी तपासत नसे. त्या माळावर खोटं बोलण्याची पद्धत नव्हती.

मुलींनी मात्र पोहे करायचे आणि खरचटलेल्यांना आयोडिन लावायचं. श्रद्धा चार वर्षं आयोडिन लावत होती. त्या वर्षी तिनं भांडून मुलींचा गट काढायला लावला. आबांनी अट घातली होती: मुलांचा झेंडा आणलात तर गट कायमचा. नाहीतर पुन्हा पोहे, आणि तो विषय परत काढायचा नाही.

दोन्ही गटांना एकेक जोडी घ्यायची होती. फारूकभाईंनी वरची जोडी काढली. “फौजीसाब, हिची खासियत बघा. बोलायचं बटण दाबून ही कडी सरकवली की बटण दाबलेलंच राहतं. बोट दुखायला नको.”

आबा खूश झाले. “ह्येला म्हंत्यात सोय.”

“आणि पलीकडच्याचं ऐकायचं कसं?” श्रद्धानं विचारलं.

“कडी काढायची. बटण दाबलेलं असेपर्यंत ऐकू येत नाही, बेटा. कुठल्याच सेटमध्ये.”

“पोरांचं काय ऐकायचं हाय?” आबा म्हणाले. “पोरांनी ऐकायचं.”

मग आबांनी परीक्षा घेतली. झोयाला रस्त्यापलीकडे उभं केलं आणि सेट तोंडाशी धरून ते ओरडले, “हॅलो, आलं का ऐकू?”

“आबा,” श्रद्धा म्हणाली, “एवढ्या अंतराला रेडिओ कशाला लागतो? तुमचं बोलणं तसंही मिरजेपर्यंत जातं.”

“मापात बोल. मी चोवीस वर्सं फौजेत काढल्यात.”

“मीही चार वर्षं आयोडिनमध्ये काढलीत.”

फारूकभाईंनी पंख्याच्या स्क्रूत मान घातली. श्रद्धानं खालच्या फळीवरून आम्हा दोघींना उचललं आणि ओढणीनं पुसलं. झोयाला बहिणीसकट कृष्णेच्या घाटावर पाठवलं, पार शेवटच्या पायऱ्यांवर, दगडी भिंतीच्या आडोशाला. मग ती मला गालाशी धरून कुजबुजली, “झोया, पाण्यात किती म्हशी आहेत?” बटण सोडलं आणि थांबली. थोड्या खरखरीनंतर बहिणीचा आवाज आला, “सात. एक माझ्याकडेच बघतेय.” श्रद्धानं मला पर्समध्ये टाकलं. आठ महिन्यांत मला कुणी असं पारखून घेतलं नव्हतं.

माळावर सकाळी दव होतं. मुलांच्या बाजूने आबा स्वतः उंच खडकावर बसले. खाली ओढ्याच्या घळीत त्यांच्या गटातला कृष्णात झेंड्याची राखण करत होता. त्याच्याजवळ दांडग्या जोडीतला दुसरा सेट. आबांनी पहिलाच हुकूम देताना कडी सरकवली आणि बोलू लागले.

आम्ही करवंदीच्या जाळीत पोटावर पडून होतो. झोया दोन मुलींना घेऊन पलीकडून येत होती. श्रद्धा माझ्यातून विचारायची आणि बोट उचलायची. “कुठवर आलीस?” “ओढ्यापाशी. दोघं डावीकडे आहेत.” “थांब मग.” आमचं बोलणं एवढंच.

घळीत मात्र आबांचा आवाज घुमत होता. “कृष्णात, डावीकडनं कोण येणार न्हाई. दोगांना वर लाव. माझी नजर हाय.” इतक्या मोठ्यानं की आम्हाला जाळीत शब्द न् शब्द कळत होता. कृष्णातनं दोघांना वर पाठवलं. डावी बाजू मोकळी झाली.

झोया दिसली तेव्हा कृष्णातनं सेट तोंडाला लावला. “आबा, पोरी आल्यात. दोगं माघारी द्या.” उत्तर आलं, “शाब्बास, असंच ऱ्हा.” त्यानं पुन्हा पुन्हा बटण दाबलं. “आवं आबा, कडी काढा की.” आबा त्याला पाचवीपासून शिकवलेली शिस्त समजावत होते. त्याच्या खांद्यावर टक्कन छर्रा बसला. “लागली,” तो म्हणाला, खाली बसला आणि सेट गवतात ठेवून दिला. सेट बोलतच राहिला.

झेंडा श्रद्धाच्या हातात आला. खाली सगळे चष्मे काढून पाणी प्यायला लागले. श्रद्धा मला आणि झेंड्याला घेऊन खडकावर चढली. आबांची पाठ आमच्याकडे होती. “आता झेंडा सोडून हलायचं न्हाई, कृष्णात,” ते सांगत होते. “पोरी घाई करत्यात. आपुन दम धरायचा.”

श्रद्धा दोन मिनिटं मागे उभी राहिली. तिच्या मानानं फारच. मग तिनं हात पुढे करून कडी मागे सरकवली.

खरखर झाली आणि कृष्णातचा थकलेला आवाज आला. “आबा, मगाशीच संपलं. चहाला या.”

आबांनी झेंडा पाहिला. “कवापासनं हाक मारतोय त्यो?”

“तुम्ही बोलायला लागल्यापासून.”

त्यांनी हातातला सेट उलटून पाहिला. “फौजेत म्या गाडी चालवायचो,” ते म्हणाले. “साहेबाचा सेट शेजारीच असायचा. चोवीस वर्सं नुसतं ऐकलं. हात लावू द्यायचे न्हाईत.”

मला वाटलं, श्रद्धा विरघळेल. ती म्हणाली, “म्हणून आम्हीही चोवीस वर्षं नुसतं ऐकायचं?”

आबांनी झेंडा तिच्या हातातून घेतला, नीट घडी करून तिलाच परत दिला आणि माझ्याकडे बोट केलं. “हिला कडी न्हाई?”

“नाही. बोट उचलावंच लागतं.”

त्यांनी मला घेतलं, बटण दाबलं, आणि खाली पाहत हळू आवाजात म्हणाले, “झोया, फुडल्या साली पोरींचा गट किती जनींचा धरू?” मग बोट उचललं.

पलीकडे शांतता होती. मी बहिणीला ओळखते, ती बिघडलेली नव्हती. झोयाला उत्तर सुचत नव्हतं. त्या माळावर असं विचारून आजवर कुणी थांबलंच नव्हतं.

“अकरा,” अखेर आवाज आला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आबांनी आम्हा दोघींना मागून घेतलं. माझं एरियल दोऱ्यानं बांधलंय, बहिणीच्या सेलच्या खाचेला गंज धरलाय. फार दिवस आमचे उरलेले नाहीत. तेव्हा सांगायचं ते सांगून घेते. आमच्यातली कुणी विकत घ्यायला गेलात, तर दुकानात ओरडून बघू नका. पलीकडच्याला भिंतीआड पाठवा, हळू काहीतरी विचारा आणि बोट उचला.

आबा आता माळावर तसंच करतात. पोरं अजून दचकतात, उत्तर लगेच येत नाही. श्रद्धाचं म्हणणं, एवढं शिकायला कुणाला साठी गाठावी लागू नये. खरं आहे. पण ते थांबतात तेव्हा त्यांचा श्वास माझ्या जाळीवर लागतो, आणि मी त्यांच्याबरोबर कान देऊन असते.