लुटुपुटीचा निरोप्या

रक्त तपासणाऱ्या लॅबचा जावा प्रोग्रॅम ताईंनी लिहिला होता. रिपोर्ट वाईट निघाला, की रुग्णाला ‘लगेच येऊन भेटा’ असा मेसेज जायचा. चांगला असला तर काहीच जात नसे.

मेसेज नेणारे निरोपे दोन होते. एक खरा. दुसरा लुटुपुटीचा, प्रोग्रॅम नीट चालतो का ते बघण्याच्या चाचणीपुरता. तो मेसेज नुसता लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, टिपायचा आणि ‘पाठवला’ म्हणायचा. प्रोग्रॅम सुरू होताना सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ शोधायचा. सापडली तर खरा निरोप्या कामाला लागे, नाहीतर लुटुपुटीचा. ही अट ताईंचीच. पूर्वी चाचणीचा एक मेसेज चुकून एका म्हातारीला गेला होता आणि ती बिचारी धसका घेऊन अनवाणी धावत आली होती. असं पुन्हा होऊ नये म्हणून ताईंनी ठरवलं, ओळ नसेल तर गप्प बसलेलं बरं.

एकोणीस दिवसांपूर्वी प्रोग्रॅम नव्या मशीनवर हलवला आणि ती ओळ लिहायची राहून गेली. कुठे लाल अक्षर नाही, तक्रार नाही. रोज आपलं ‘पाठवला’, ‘पाठवला’.

आज दुपारी डॉक्टरीणबाई वैतागून आल्या. बोलावलेले रुग्ण फिरकतच नाहीत, लोकांना जिवाची पर्वा उरली नाही का, असं विचारू लागल्या. ताईंनी फाइल उघडली. ती ओळ नव्हतीच. लॉगमध्ये एकेचाळीस मेसेज पडून होते. सातवा नंबर त्यांना पाठ होता. थोरल्या भावाचा.

त्यांनी ओळ घातली. ओळ नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही, अशी अटही बदलली. पण जुने मेसेज त्यामुळे जाणार नव्हते. फोनच करायला हवे होते, आणि क्रम मोडायचा नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं.

तिसऱ्या नंबरवर एका मुलीनं शांतपणे सांगितलं, की आईला जाऊन चार दिवस झाले.

दादांनी फोन उचलताच टोमणा मारला, आज बरी आठवण झाली म्हणून. मग स्वतःच सांगत सुटले. रिपोर्टची धास्ती होती, पण मेसेज आला नाही म्हणजे सुटलो. थकवा येतो, तो उन्हाचा असणार.

“दादा, मेसेज गेलाच नव्हता,” ताई म्हणाल्या. “तू आजच ये.”

दादांनी एकच विचारलं.

“कुणाची चूक गं?”

“माझी.”

“बरं,” दादा म्हणाले. “तुझ्या वहिनीला तू काही बोलू नकोस. मी सांगतो.”

ताईंनी फोन ठेवला. अजून चौतीस नंबर उरले होते.