कारागिराच्या रकान्यात शून्य

मी कंजूष आहे हे मला लोकांनी सांगायची गरज नाही. चोवीस वर्षं रंगाच्या कारखान्यात हिशेब लिहिले. तेवढ्या वर्षांत कंपनीचा एक डबा माझ्या हातून वाया गेला नाही आणि घरातली एक काडीही नाही. कारखान्यात मला मागून 'मुनीमबाई' म्हणायचे. तोंडावर म्हणाले असते तरी मी रागावले नसते. त्यामुळे आमच्या बारकीने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, स्वतःचं नेल सलून काढायचं ठरवलं तेव्हा पैसे माझे आणि बजेटही माझंच, हे न बोलताच ठरून गेलं.

बारकी नावालाच बारकी. चौतीस वर्षांची बाई. नऊ वर्षं दुसरीच्या पार्लरमध्ये नखं करत होती. शंभरातले साठ मालकिणीचे, चाळीस हिचे, आणि नेलपॉलिशची बाटली सांडली तर तीही हिच्याच चाळिसातून. पण तिच्या हातात कसब होतं, हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. बायका फोन करून विचारायच्या, "ती आहे का आज? नसेल तर उद्या येते." अशा बेचाळीस बायकांचे नंबर तिच्या फोनमध्ये होते आणि त्या बेचाळिसांवर आमचं दुकान उभं राहणार होतं.

दर रविवारी सकाळी आम्ही वही घेऊन बसायचो. मी आधीच सांगून टाकलं होतं, आठ लाख, त्यावर एक पैसा नाही. वहीत तीन रकाने आखले. पहिला बारकी म्हणेल तो आकडा, दुसरा मी म्हणेन तो, तिसरा शेवटी ठरेल तो. दुसरा आणि तिसरा बहुतेक ठिकाणी एकच निघायचा.

"गिऱ्हाइकांना बसायला एक सोफा लागेल," ती म्हणाली.

"नखं करायला येणार आहेत की झोपायला?"

सोफ्याचं बाकडं झालं. नवीन एसीचा जुना एसी झाला. बोर्डवाला अक्षरामागे पैसे घेतो म्हणाला, तेव्हा मी दुकानाच्या नावातली तीन अक्षरं कापली. बारकी पोट धरून हसली. "ताई, बारशाला तुझं चाललं असतं तर माझं नाव एका अक्षराचं ठेवलं असतंस." आम्ही दोघी हसलो. ते रविवार फार चांगले होते.

मग लॅम्पची पाळी आली. नखाला जेल, म्हणजे घट्टसर पॉलिश, लावलं की नख त्या लॅम्पखाली धरायचं, मग ते कडक होतं. बारकीचं म्हणणं होतं की ज्या कंपनीचं जेल, त्याच कंपनीचा लॅम्प हवा. एकाची किंमत चौदा हजार, आणि आम्हाला हवे होते तीन. घाऊक बाजारात मी तसाच दिसणारा लॅम्प साडेतीन हजारांत पाहून आले होते.

"चौदा हजार! टेबल मिळतं तेवढ्यात. नाकापेक्षा मोती जड."

"अगं, पण जेलला तो लागतो. कोर्समध्ये सांगितलं होतं आम्हाला."

"उजेड तो उजेड. दिव्याला काय कंपनी कळते?"

ती हसली. मला वाटलं, पटलं. मी तिसऱ्या रकान्यात साडेदहा हजार लिहिले आणि वाचलेले साडेएकतीस हजार समासात मांडून त्याभोवती गोल केला. माझी सवय आहे ती. वाचवलेला पैसा मला मिळवलेल्यापेक्षा गोड लागतो.

त्याच रविवारी धूळ आणि वास ओढून घेणारा पंखाही वहीतून गेला. बावीस हजार होते. मी म्हटलं, खिडकी आहे की. मी चोवीस वर्षं रंगाच्या वासात बसले, मला काय झालं?

शेवटी उरली कारागिराची ओळ. "माझा पगार शून्य लिही," बारकी आपणहून म्हणाली. "पहिलं वर्षभर मी काही घेणार नाही. तुझे पैसे आधी सुटू देत." मी शाईने शून्य काढलं. त्या एका ओळीने बेरीज आठ लाखांच्या आत आली, सात लाख ब्याऐंशी हजार. मी वही मिटली आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

गाळा ठरला. करार तीन वर्षांचा, दीड लाख डिपॉझिट, आणि वर्षाच्या आत सोडला तर डिपॉझिट परत नाही, असं कलम. मी ते वाचलं होतं. सगळं वाचते मी. पण सोडणार कोण होतं?

बारकीने नोकरी सोडली. गाळ्यात वायरिंग आणि नळाचं काम चालू होतं, तोवर लॅम्प आणि जेल घरीच आणून ठेवलं. नवीन जेलवर हात बसावा म्हणून ती दिवसभर सराव करायची. शेजारणींची नखं फुकटात, माझी नखं, आणि कोणी नसलं की स्वतःची. आज लावायची, उद्या घासून काढायची, परवा नवीन नक्षी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढरी भुकटी पडलेली असायची. मी ओरडायचे, ती पुसायची.

पाचव्या आठवड्यात तिची बोटं खाजायला लागली. भांड्यांचा साबण असेल म्हणाली. मी साबण बदलला, तोही स्वस्त पाहून. मग नखांच्या कडेची कातडी फाटली. मग एका सकाळी उठली तर डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या.

"मनाला लावून घेतेस तू," मी म्हटलं. "दुकानाचं टेन्शन आहे. होईल बरं."

झालं नाही. बटण लावता येईना, बटाटा सोलता येईना, तेव्हा आम्ही कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बारकीच्या पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी बोलावलं. पट्ट्या काढल्या. बाकी पाठ साफ होती आणि दोन ठिकाणी लाल, फुगलेले चौकोन होते. डॉक्टरीणबाईंनी कागदाशी ताडून पाहिलं. दोन्ही जेलमधली द्रव्यं.

"लॅम्प कुठला वापरता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"जेल एका कंपनीचं, लॅम्प भलताच. मग वरून कडक दिसतं, आतून कच्चं राहतं. ते कच्चं रोज कातडीला लागतं, घासलं की त्याची धूळ डोळ्यांत जाते. नऊ वर्षांत थोडंथोडं साचलंही असेल, मी एकट्या लॅम्पला दोष देत नाही. पण शरीर आता उलटलंय."

"किती दिवसांत बरं होईल?" मी विचारलं.

"बोटं महिन्याभरात बरी होतील. ॲलर्जी जाणार नाही. हे काम आता आयुष्यात करायचं नाही त्यांनी."

"ग्लोव्ज घालून?"

"पातळ ग्लोव्जमधून ते थोड्या वेळात आरपार जातं. जाड घालून नखावर रेघ काढून दाखवा मला." मग त्या बारकीकडे वळल्या. "दातात फिलिंग भरायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांना हे आधी सांगा, त्यातही याच जातीची द्रव्यं असतात. विसरू नका."

बारकी ब्लाउजचे हूक लावायला धडपडत होती. मी पुढे होऊन लावले. ती एवढंच म्हणाली, "चल."

घरी आल्याबरोबर मी वही काढली. मला दुसरं काय येतं? बारकी नाही तर दुसरी कारागीर ठेवू, बारकी गल्ल्यावर बसेल. मी दोन-चार जणींना फोन केले. हाताला बऱ्यापैकी वळण असलेली महिन्याला अठ्ठावीस हजार मागत होती, वर कमिशन वेगळं. मी शून्य खोडून तो आकडा लिहिला आणि खाली उतरत गेले. दुकान तिसऱ्याच महिन्यात तोंड वर करून पैसे मागत होतं. मी भाडं वर्षाअखेरपर्यंत वाढणार नाही असं धरलं, गिऱ्हाइकं वाढवली, जेल कमी केलं, बाकडंही काढून टाकलं. काही केल्या जमेना. आणि त्या बेचाळीस बायका बारकीच्या हातासाठी येणार होत्या, गल्ल्यावरच्या बारकीसाठी नाही. आमच्या सगळ्या बजेटमध्ये खरी किंमत एकाच वस्तूला होती आणि तिच्यापुढे मी शून्य लिहून ठेवलं होतं.

शिवाय गल्ल्यावर तरी ती कशी बसणार? धूळ हवेत असणारच. बावीस हजारांचा पंखा नव्हता ना.

गाळेमालक सभ्य माणूस. त्याने चहा मागवला, बारकीची बोटं पाहून चुकचुकलाही. "ताई, वाईट वाटतं हो. पण कलम वाचून सही केलीत ना तुम्ही?"

"वाचलं होतं," मी म्हटलं. दीड लाखाचा चहा पिऊन घरी आले.

मग सामान विकायला काढलं. एवढं सगळं करून मुसळ केरात. एका दुपारी पंचविशीतली एक मुलगी आली. घरातच एका खोलीत नेल पार्लर सुरू करणार होती. हौसेने प्रत्येक बाटली उघडून बघत होती. टेबल घेतलं, खुर्च्या घेतल्या, मग लॅम्पपाशी थांबली.

"काकू, हे चांगले आहेत ना? कुठल्याही जेलला चालतात?"

बारकी खिडकीपाशी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"नवेच आहेत," मी म्हटलं. "दोन महिनेसुद्धा वापरलेले नाहीत. तिन्हीचे सात हजार दे."

खोटं काय बोलले मी? एक शब्द खोटा नव्हता. मुलीने पर्स उघडली.

"घेऊ नकोस," बारकी म्हणाली. उठून आली आणि दोन्ही हात त्या मुलीसमोर धरले. बोटांवर अजून चिरा होत्या. "याने झालंय हे. तुझ्या जेलच्या कंपनीचाच लॅम्प घे. पैसे नसतील तर चार महिने थांब, पण तोच घे. आणि पंखा बसव."

मुलगी घाबरली. टेबल-खुर्च्यांचे पैसे देऊन निघून गेली. जिन्यावरून तिची पावलं खाली जाईपर्यंत मी दम धरला, मग सुटले. सात हजार होते ते! आधीच गळ्यापर्यंत बुडालोय आणि हिला दानधर्म सुचतोय! तुला एवढं सगळं कळतं, तर तेव्हा दातखीळ बसली होती का?

ती शांतपणे म्हणाली, "बसली होती."

"मला माहीत होतं, ताई. नऊ वर्षं हेच करत होते, मला माहीत नसणार? तू बाजारातून लॅम्प आणलेस त्याच दिवशी माहीत होतं. पण पैसे तुझे होते. ज्याचे पैसे त्याच्याशी किती वेळा वाद घालायचा? एकदा बोलले, तू हसण्यावारी नेलंस. म्हटलं, जाऊ दे, जरा जास्त वेळ धरू नख लॅम्पखाली." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं, मी उलट भांडले असते. "त्या मुलीचे पैसे तिचे स्वतःचे होते. तिला तरी सांगता आलं मला."

मला खूप काही बोलायचं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि ऐकू काय आलं, तर, "अगं, मग जोरात सांगायचं ना." तिने मान हलवली आणि खुर्च्या बांधायची दोरी शोधायला आत गेली.

बारकी आता औषधांच्या एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या लावते. बोटं बरी आहेत. पगार फार नाही. एक तारखेला ती घरी येते, चप्पल काढायच्या आधी टेबलावर माझ्यासमोर पाच हजार ठेवते. सव्वाचार लाख बुडाले माझे, ते ती असे फेडणार आहे. सात वर्षं लागतील. मी पहिल्याच महिन्यात म्हटलं, वेडी आहेस का, मला नकोत, ते पैसे गेले, मी सोडले. रडलेसुद्धा, आणि मला रडताना तिने क्वचितच पाहिलं असेल. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवले.

"मोजून घे, ताई," म्हणते दर वेळी. टोमणा नसतो त्यात, राग नसतो. परक्या माणसाला सांगावं तसं सांगते आणि मी घेईपर्यंत उभी राहते.

आणि मी मोजते.