ग्रेफिनचा चातुर्मास

इराला कुत्रा हवा होता. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या त्यांच्या फ्लॅटच्या करारात कुत्र्याला बंदी होती, काचेच्या पेटीत राहणाऱ्या प्राण्याला नव्हती. म्हणून घरात साप आला. बिनविषारी, नारिंगी रंगाचा, जेमतेम हातभर लांब. तेरा वर्षांच्या इराने त्याचं नाव ठेवलं करोटे, म्हणजे गाजर. करोटे मादी होती. इरा गृहपाठ करायला बसली की ही तिच्या डाव्या मनगटावर चढून बसायची आणि वही मिटेपर्यंत हलायची नाही. पोरीचा एवढा जीव माणसांवरही नव्हता, असं तिची आई नंदिनी म्हणायची. म्हणायची हसत, पण तिला ते थोडं लागायचंही.

करोटेचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीमागे एक डबा, त्यात अंगठ्याएवढी, बिनकेसांची गुलाबी पिल्लं. सुरुवातीला नंदिनीला तो मटार घशाखाली उतरेना. मग उतरायला लागला. त्या डब्याचं तिला पुढे काही वाटेनासं झालं.

या जुलैमध्ये तळमजल्यावरचे ब्रून्स वर आले. ट्रामचे निवृत्त ड्रायव्हर, एकटे, कमरेच्या ऑपरेशनला निघालेले. ऑपरेशन, मग रेहा, त्या व्यायाम-उपचारांच्या केंद्रात मुक्काम, म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत घरी नाहीत. त्यांच्याकडेही एक साप होता. तुमच्याकडे आहेच एक, तर दुसऱ्याचंही बघाल का, एवढंच त्यांचं म्हणणं. नंदिनी सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याचा पगार घेते. ऑफिसात चार लोकांसमोर मॅनेजरला तोंडावर चुकलात म्हणते. पण दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायची भीड पडते, हा आपल्याकडचा जुना आजार. ती म्हणाली, “हो, हो, आनंदाने.” ब्रून्सांचा भाचा येऊन मोठी काचेची पेटी बैठकीच्या खोलीत ठेवून गेला, करोटेच्या पेटीच्या अगदी समोर.

आतल्या मादीचं नाव ग्रेफिन, म्हणजे सरदारीण. काळी कुळकुळीत, अंगावर पांढरी कडी, करोटेच्या दीडपट लांब आणि मनगटाएवढी जाड. ब्रून्सांनी नंदिनीच्या हातात एक डबा दिला. तिने झाकण उघडलं. आत कागदात गुंडाळलेल्या, गोठून कडक झालेल्या बारीक बारीक दोऱ्या होत्या. त्यातल्या एकीचे डोळे दिसले तेव्हा तिला कळलं की ही सापाची पिल्लं आहेत.

“ती उंदीर खात नाही,” ब्रून्स म्हणाले. “सापच खाते. जातच तशी आहे तिची.”

“पण सापाला साप?”

“पाळणारे लोक रंगासाठी अंडी उबवतात. मनासारखा रंग निघाला नाही की त्या पिल्लांना कोणी घेत नाही, मग ती गोठवतात. कचऱ्यात जाण्यापेक्षा कोणाच्या पोटात गेलेली काय वाईट?” मग कुबडी सावरत ते म्हणाले, “तुम्ही उंदराला विचारलंत का, फ्राउ नंदिनी?”

तिने हसून डबा घेतला. त्यांची टॅक्सी गेल्यावर खाली जाऊन, त्यांनी ठेवायला दिलेल्या किल्लीने दार उघडून तो त्यांच्याच फ्रीझरमध्ये परत ठेवला आणि दार ओढून घेतलं.

सासूबाई, कुंदाताई, तेव्हा सांगलीहून आलेल्याच होत्या. नंदिनीचा नवरा कंपनीच्या कामाने नेमका पुण्याला गेला होता, त्यामुळे घरात या तिघीच. ग्रेफिनच्या जेवणाची हकीकत ऐकून कुंदाताईंनी कानाला हात लावले.

“चातुर्मास लागलाय नंदिनी. या घरात सापाला साप घालायचा? माझ्या देखत?”

“नाही हो आई. उंदीर देऊ. खाईल भूक लागली की.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासू-सुनेचं एखाद्या गोष्टीवर इतकं चटकन एकमत झालं नव्हतं. दोघींना त्याचाच आनंद झाला असावा.

इरा सोफ्यावरून म्हणाली, “उंदीर तर बाप्पाचा असतो ना? तो चालतो?”

“तू गप्प बस गं,” नंदिनी म्हणाली.

ग्रेफिनने उंदराकडे बघितलंही नाही. कोमट पाण्यात नरम केलेलं ते पिल्लू चिमट्याने नाकाशी नेलं की ती मान फिरवायची. नंदिनी ते टाकून द्यायची आणि पुढच्या आठवड्यात नवं काढायची. रेहामधून ब्रून्सांचा फोन आला. खाते ना व्यवस्थित? “या, या, गेनाऊ,” म्हणजे हो, हो, अगदी, असं नंदिनी म्हणाली आणि हवापाण्यावर बोलायला लागली. ती वाईट बाई नव्हती. आपलं बरोबर आहे याची तिला पक्की खात्री होती, आणि अशी खात्री असली की खोटं बोलताना जीभ अडखळत नाही.

सुरुवातीचे दिवस ग्रेफिन झोपून होती. मग फिरायला लागली. काचेला नाक लावून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, परत, पुन्हा. अंगाखालच्या लाकडाच्या भुशाची सतत कोरडी सळसळ. घरात कोणी बोलत नसलं की ती सळसळ ऐकू यायची, आणि मग तिघीही उगाचच काहीतरी बोलायला लागायच्या. पुढे ती फिरायचीही थांबली; शेपटी तेवढी भुशात सळसळत राहायची. करोटेच्या समोरच्या काचेपाशी येऊन बसली, डोकं किंचित वर करून, आणि तिथून हलेना. नंदिनीने मध्ये मोठा पुठ्ठा उभा केला. ग्रेफिन पुठ्ठ्याकडे तोंड करून तशीच बसून राहिली.

करोटे सालीच्या तुकड्याखालून बाहेर येईनाशी झाली. इरा तिला हाताने काढायची, मनगटावर घ्यायची, थोडा वेळ लाड करून परत ठेवायची. मग इरा खोलीत जिथे जाईल तिकडे ग्रेफिनचं डोकं वळायचं. स्वयंपाकघराच्या दाराकडे, खिडकीकडे, परत सोफ्याकडे.

“ओळखायला लागली बघ पोरीला,” कुंदाताई कौतुकाने म्हणाल्या.

एकदा इराने बोट काचेवर ठेवलं. टक्क असा आवाज झाला. काचेवर आतून थुंकीचा ओला ठिपका, आणि मागे भुशात ग्रेफिनची शेपटी थरथरत होती, फोन व्हायब्रेट व्हावा तशी. इराने हात मागे घेतला, बोटांचा वास घेतला.

“माझ्या हाताला करोटेचा वास आहे. सी हाट हुंगर, मम्मा. खूप भूक लागलीये तिला. तो डबा आण ना खालून.”

“नाही म्हटलं ना.”

“आल्झो, म्हणजे ती पिल्लं ऑलरेडी मेलेली आहेत. तू नाही दिलीस तर ती काय जिवंत होणारेत?”

“आपल्या घरात नाही म्हणजे नाही, इरा.”

त्याच आठवड्यात नंदिनी बैठकीच्या खोलीतून ऑफिसच्या मीटिंगला बसली होती. बोलता बोलता तिचं लक्ष पडद्यावरच्या स्वतःच्या चौकोनाकडे गेलं. तिच्या खांद्यामागे काचेला पोट लावून ग्रेफिन उभी होती, पेटीच्या छतापर्यंत, पांढरा गळा कॅमेऱ्याकडे. तिचं नाक झाकणाच्या फटीवरून फिरत होतं. कोणीतरी विचारलं, मागे कसला आवाज येतोय? नंदिनीने कॅमेरा बंद केला. उठून तिने झाकणाची खिटी तपासली. खिटी घट्ट होती, तरी तिने ती पुन्हा दाबली. त्या दिवसापासून ती बेडरूमचं दार लावून मीटिंगला बसायला लागली. खाली जाऊन तो डबा आणावा असं तिच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण सासूबाईंसमोर आणि पोरीसमोर आता माघार कशी घ्यायची?

नागपंचमी आली. कुंदाताईंनी पहाटे उठून न्हाऊन कणीक भिजवली. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. नागाला इजा होते. पुरणाची दिंडं तेवढी वाफेवर ठेवली. पाट नव्हता म्हणून भाजी चिरायची फळी धुऊन पालथी घातली आणि तिच्यावर चंदनाने नाग काढला, नागीण काढली, खाली ओळीने पिल्लं. सगळे एकमेकांना टेकून. लाह्या, दूध, हळदकुंकू. “इथे तर साक्षात आहेत दोघं घरात,” त्या सारख्या म्हणत होत्या. इरा मैत्रिणीबरोबर फ्रायबाडला पोहायला गेली. नंदिनी दार लावून मीटिंगला बसली.

ती बाहेर आली तेव्हा घरात वाफेचा आणि उदबत्तीचा वास कोंदला होता. सळसळ थांबली होती. इतक्या दिवसांनी ती थांबलेली ऐकून नंदिनीला आधी बरंच वाटलं. मग तिला दिसलं की ग्रेफिनच्या पेटीवर हिरवागार कोरा खण अंथरलेला आहे, चारी बाजूंनी खाली सोडलेला. समोर निरांजन. कुंदाताई हात जोडून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

“हळू बोल,” त्या कुजबुजल्या. “बैस इथे. नशीब लागतं गं हे बघायला.”

“काय हो आई?”

“पाटावर सगळं कुटुंब एकत्र काढायचं, आणि इकडे हे दोघं दोन पेट्यांत. इथलं सगळं वेगळं वेगळंच, नवराबायकोची पांघरुणंसुद्धा. म्हटलं आजच्या सणाला तरी एकत्र राहू देत. इराच्या सापाला उचललं आणि हिच्याजवळ ठेवलं. आणि काय सांगू तुला! ठेवल्या ठेवल्या एकमेकांना विळखा. इतका घट्ट, की नाग कुठला नि नागीण कुठली कळेना. असं जोडपं दिसलं की बघत राहायचं नसतं, वरून कोरं वस्त्र घालायचं. तो खण मग जन्मभर कपाटात ठेवायचा. घराला काही कमी पडत नाही.”

नंदिनी उभी राहिली होती ती तशीच राहिली. खणाला हात लावायचा असं तिने ठरवलं, आणि हात उठेना. आतून आवाज येत होता. सळसळ नव्हे, ओली चामडी काचेवरून ओढल्यासारखा, थांबून थांबून. खणाचा एक पदर आत-बाहेर होत होता. कुंदाताईंनी डोळे मिटून पुन्हा नमस्कार केला.

दारात किल्ली फिरली. इरा आली, ओल्या केसांची, खांद्यावर टॉवेल.

“करोटेची पेटी का उघडीये?”

इराने समोरच्या पेटीकडे बघितलं, खणाकडे बघितलं. टॉवेल टाकून ती गेली आणि खण ओढला.

करोटेचं डोकं कुठेच नव्हतं. निम्मी करोटे ग्रेफिनच्या आत गेली होती, आणि काळ्या अंगावरची पांढरी कडी तिथे ताणून लांब झाली होती. उरलेली निम्मी, नारिंगी, ग्रेफिनच्या पसरलेल्या तोंडातून बाहेर. ग्रेफिन एक जबडा पुढे सरकवायची, मग दुसरा. करोटेची शेपटी हलत होती.

कुंदाताईंच्या तोंडून आवाज फुटला. नंदिनीने झाकण काढून आत हात घातला आणि शेपटी धरली. शेपटीने तिच्या बोटाला विळखा घातला.

“जिवंत आहे ती! इरा, धरलंय तिने मला!”

“नाइन! ओढू नको!” इरा किंचाळली. “तिचे दात मागे वळलेले असतात. ओढलंस तर करोटे फाटेल आणि ग्रेफिनचं तोंडपण.”

“मग मी काय करू?”

“सोड.”

“अगं बाई, सोडव तिला,” कुंदाताई रडत म्हणाल्या. “नंदिनी, सोडव गं त्या मुक्या जिवाला. काय केलं मी हे!”

इराचा चेहरा पांढरा पडला होता. ती रडत नव्हती. “आज्जी,” ती म्हणाली, “तूच सांगतेस ना, कोणाला भरल्या पानावरून उठवायचं नाही. किती दिवस उपाशी आहे ती. मम्माने तिला काहीच दिलं नाही.”

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर नंदिनीला सोसलं असतं. पण पोरगी सरळ, असेल तसं सांगत होती. नंदिनीला स्वतःची लाज वाटली, इतकी की डोळ्यांत पाणीही येईना. बोट मात्र तिला सोडवत नव्हतं. ते धरलेलं होतं, आणि धरणारं अजून घट्ट धरत होतं.

मग इराने आईचा हात स्वतःच्या हातात घेतला. शेपटीचा एक वेढा तिने नखाने उचलून सोडवला. शेपटी पुन्हा बोट शोधायला लागली. इराने ती बाजूला धरली आणि दुसरा वेढा सोडवला, मग तिसरा, रोज संध्याकाळी मनगटावरून उतरवताना सोडवायची तसाच, न दुखवता. शेपटी मोकळी झाल्यावर ती तिने अलगद भुशावर ठेवली, झाकण लावलं, खिटी घातली.

नंदिनीने तिच्या खांद्याला हात लावला. इराने खांदा काढून घेतला आणि पेटीसमोर मांडी घालून बसली. ग्रेफिनचं जेवण होईपर्यंत ती तिथून उठली नाही.