बावन्न मात्रा गप्प

बुद्धाची दीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या वॉर्डाने ठरवलं, आता जातीचं काम म्हणून कोणाच्या दारात बाजा वाजवायचा नाही. ठराव बरोबरच होता, मीही हात वर केला. घरी आलो तर खाटेवर माझा बास बसलेला. पितळेचा सर्वांत मोठा भोंगा, अंगात घालून वाजवायचा. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

क्लॅरनेटवाले दुसऱ्या वॉर्डातले. ते वारासिवनीच्या बँडात गेले आणि चाल त्यांच्यासोबत गेली. उरलो चौघं, चौघंही घोगरे. डोमाजी मास्तर आणि महागू युफोनियमवर, नथ्थू ट्रॉम्बोनवर, मी सर्वांच्या खाली.

मास्तर पूर्वी फौजेच्या बँडात होते. त्यांनी पेटीतून चार कागद काढले. "हे चार जाड बाज्यांसाठीच लिवलं आहे. नवरदेव नाही, घोडा नाही. आपण खुर्चीवर बसून वाजवाचं, लोकायनं चटईवर बसून आयकाचं."

"अन् नाचाचं कोणं?" नथ्थूने विचारलं.

"कोणंच नाही."

नथ्थूला हा आजारच वाटला. पण कागद इतका कठीण, की रोज संध्याकाळी चौघांना एका खोलीत बसावं लागे. माझ्या कागदात मध्येच बावन्न मात्रा गप्प होत्या. त्या मोजताना तिघांचं ऐकायला मिळायचं. तेवढ्यासाठी मी बाकीचं वाजवायचो.

बुद्धजयंतीला कार्यक्रम ठरला. मला एवढंच पाहिजे होतं, चौघांनी एकदा तरी मिळून शेवटापर्यंत पोचावं.

माघात नथ्थू भरवेलीच्या खाणीत लागला. महागू लामत्याला सासऱ्याची शेती पाहायला गेला. चैत्रात मास्तरांचे समोरचे दोन दात पडले. बाजा ओठांनी वाजतो, पण ओठांना मागून दातांचा आधार लागतो.

"मास्तर, जयंतीले काय कराचं?"

"वाजवाचं. तू आहे न."

मंडपात चार खुर्च्या मांडल्या. एकीवर मी बसलो. मास्तरांनी समोर उभं राहून हात उचलला. माझे सूर एकेकटे पडत गेले, मग गप्प मात्रा आल्या. मास्तर रिकाम्या खुर्च्यांना इशारे देऊ लागले. महागूच्या खुर्चीला हळू, नथ्थूच्या खुर्चीला डोळे वटारून.

पहिल्या चटईवरून शेजारच्या तुळसाबाई म्हणाल्या, "काहून रे बापू, थांबला काहून?"

"मी थांबलो, मावशी. बाकीचे वाजवून राह्यले."

"हौ का?" म्हणत त्या पदर सावरून नीट बसल्या.

तेविसाव्या मात्रेला लोक उठायला लागले. चाळिसाव्याला नथ्थूचा तो घसरता सूर मला चक्क ऐकू आला, त्याच्यामागून महागू. मी मोजायचंच विसरलो. मास्तरांचा हात माझ्याकडे वळला आणि तसाच राहिला.

चौघांत तेवढी एकच चूक झाली, तीही माझी.

"पयल्यापासून," मास्तर चारही खुर्च्यांना म्हणाले. समोर आता तुळसाबाईच उरल्या होत्या. त्यांना चटया गुंडाळायच्या होत्या.