जेवणाआधीची पुडी

"आज पुडी घेऊ नका, आई," असं म्हणत सुनेनं, मिसाएनं, ती पाण्याच्या पेल्याशेजारून उचलली आणि पर्समध्ये टाकली. "उद्या पालिकेची तपासनीस येणार आहे. थकलेल्या दिसलात तर तिसरी श्रेणी मिळेल, जास्त मदत लागणाऱ्यांची. तिच्याशिवाय वृद्धाश्रम दारात उभं करत नाही."

"आणि घर?"

"घरी बघायला कोण आहे?"

हिसानो शहाऐंशीची. खुबा मोडून पुनर्वसनाच्या वॉर्डात आली तेव्हा भाताचा घास गालातच धरून बसायची. मग डॉक्टरांनी जुन्या पद्धतीचं औषध सुरू केलं. जिनसेंग, दालचिनी, संत्र्याची वाळकी साल. कडू भुकटी, रोज तीनदा, जेवणाआधी. महिन्याभरात ती ताट पुसून खाऊ लागली. व्यायाम घेणाऱ्या उराबेला म्हणाली, "चल रे, आज वीस पावलं."

"काल दहावर शिव्या घातल्यात मला, आजी!"

"काल मी मेलेली होते."

सून लिफ्टमध्ये शिरल्यावर हिसानोनं नर्सकडून दुसरी पुडी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस कागदावरचे प्रश्न विचारू लागली.

*एकटीला चालता येतं का?*

परक्या बाईसमोर लोळत पडायचं म्हणजे काय! हिसानोनं सकाळीच केस विंचरून घेतले होते. ती दारापर्यंत गेली, परत आली. मांड्या लटलटत होत्या, चेहरा हसरा होता.

"येतं."

*कपडे?*

"माझे मीच घालते." रोज बटणं नर्स लावायची.

"एरवी असं नसतं हो," मिसाए मागून म्हणाली.

"सुनेला माझी फार काळजी," हिसानो म्हणाली. तपासनीस हसली, खुणा करत गेली.

त्यानंतर दोन दिवस हिसानोला मानही उचलवली नाही.

श्रेणी पहिली, कमीत कमी मदतीची. वृद्धाश्रमाची जागा गेली. हिसानो जिंकली होती. घरी जायला गाडीत बसल्यावर मुलानं, तोमोयानं, ते सांगितलंही. "तुझ्या मनासारखं झालं ना, आई? आता निस्तर."

मिसाए सकाळी सातला कामाला जाई. "सगळं जमतं असं लिहिलंय कागदावर. जमवा."

"पुड्या संपल्यात गं."

"चालणाऱ्या माणसाला कशाला औषध?"

आठवडाभरात भूक गेली. भात पुन्हा गालात राहू लागला. मग पाय गेले. मिसाएनं फेरतपासणीचा अर्ज भरला. तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली, तोवर पुड्या न आणता ती थांबली.

तीच तपासनीस आली. हिसानोनं कोपरावर जोर देऊन पाहिला, पुन्हा पाहिला. उठवलं नाही. बाईंनी मान खाली घालून खूण केली.

*औषध स्वतः घेता येतं का?*

बाईंचं पेन थांबलं. "मागच्या वेळी चांगल्या चालत होतात, आजी. ते जेवणाआधीचं औषध चालू आहे ना?"

मिसाए चहा ओतत होती. चहा ओतणं थांबलं.

एक शब्द पुरला असता. डॉक्टरांना फोन गेला असता, पुडी आली असती, पुडीमागून भूक. पण समोर परकी बाई होती, आणि घर हिसानोचं होतं.

"सून देते," ती म्हणाली. "न चुकता."

"नशीबवान आहात."

"हो ना."

बाईंनी 'दुसऱ्याच्या मदतीने' असं लिहिलं. पेल्यात चहा पडल्याचा आवाज पुन्हा आला. पांघरुणाबाहेर राहिलेली आपली पावलं, काटक्यांसारखी, हिसानोला दिसली. आधी एक, मग बऱ्याच वेळानं दुसरं, तिनं आत ओढून घेतलं.